'बटु'तला उकार

१२ फेब्रुवारी, दुकानातून

चि. ठिपकीस,

अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण शिडी धरण्याइतकी ती धडधाकट आहे. शिडीचं पुढे येईलच. तुझा पत्ता तिनं कपाटातल्या कागदाखाली दडवला होता, सापडला.

पत्रास कारण की, वाचनालयाच्या भिंतीवरचं माझं चित्र कुणीतरी बदललं आहे. 'ताऱ्याचा जन्म ते मृत्यु', अठरा फूट बाय सहा, तीन वर्षांपूर्वी एकट्यानं रंगवलेलं. वायूचा ढग, त्यातून पेटणारा आपला सूर्य, मग फुगलेला तांबडा राक्षसी तारा आणि शेवटी स्फोट; एकापासून पुढच्याकडे बाण. तो स्फोट गेला. त्या जागी विरत चाललेली फिकट निळी कडी, मधोमध शर्टाच्या बटणाएवढा पांढरा ठिपका. खाली अक्षरं: 'श्वेत बटु'.

मी तपास केला. पहिला संशय ग्रंथपालावर. त्याला तो स्फोट पहिल्यापासून भडक वाटायचा. तर म्हणाला, "पेंटरसाहेब, मला सरळ रेघ मारता येत नाही, गोल कुठला काढतोय?" खरं आहे, पुस्तकांवरचे त्याचे आकडे पाहिलेत मी. मग विज्ञानाचे निवृत्त मास्तर. दर रविवारी चित्रापुढे उभे राहून ते गालात हसतात, हे मी टिपून ठेवलंय. पण त्यांचा हात कापतो, आणि ती कडी चार नंबरच्या ब्रशनं एका दमात ओढलेली आहे.

मग तुझी आई. गुरुवारी दुपारी ती गुडघा दाखवायला गेली. बरोबर डबा. गुडघा दाखवायला डबा कशाला? चार तासांनी परतली, हाताला टर्पेंटाइनचा वास. म्हणे डॉक्टरांनी नवं मलम दिलं. हे कुणाला सांगते, तर तीस वर्षं त्याच वासात काढलेल्या माणसाला.

काल मास्तर म्हणाले, बदल शास्त्राला धरून आहे, फक्त 'बटु'तला उकार दीर्घ हवा. मराठीत शेवटचा उकार दीर्घच. ग्रंथपालानंही मान डोलावली. म्हणजे त्या दोघांपैकी कुणीही असतं तर 'बटू'च लिहिलं असतं. ऱ्हस्व काढणारी माणसं माझ्या माहितीत दोनच. एक मी, पुस्तकं रद्दीतून आणून वाचली, व्याकरण कुणी शिकवलं नाही. दुसरी शाळेत जायच्या आधी माझ्या रंगाच्या डब्यांशेजारी बसून माझी अक्षरं गिरवायची. पुढे बाईंनी वहीत लाल गोल करकरून हात टेकले, तिचा उकार काही लांबला नाही.

संशय फिटला. राग आला, पण चित्राचा नाही. चार तास तू इथे होतीस. वाचनालयापासून घर तीनशे चाळीस पावलं आहे. आज सकाळी मोजली.

उद्घाटनाला तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "बाबा, सूर्याचा स्फोट होत नाही. तेवढं वजन नाही त्याच्यात." आणि मला वाटलं, हे माझ्याबद्दलच चाललंय. मी म्हणालो, "ज्या हातानं अक्षर दिलं त्याला शिकवायचं असेल, तर घरात पाऊल टाकू नकोस." तू अक्षरशः पाळलंस.

त्याच संध्याकाळी पुस्तक उघडलं होतं. पान एकसष्ट. स्फोट दांडग्या ताऱ्यांचा. सूर्याएवढा तारा फुगतो, वरची सालं सोडून देतो, आणि उरतो तो ठिपका गुपचूप निवत राहतो. तीन वर्षं मला हे ठाऊक आहे. ब्रश उचलला नाही.

मास्तरांना सांगितलंय, त्या उकाराला हात लावायचा नाही. भिंतीच्या उजव्या टोकाला चार फूट जागा मोकळी आहे. दांडग्या ताऱ्याचा स्फोट तिथे बसेल. स्फोट मला जमतो; बाण कुठून कुठे न्यायचा, ते तू सांग. शिडी या वेळी मी धरीन. आईचा गुडघा खरंच दुखतो.

तीनशे चाळीस पावलांवर असलेला,
अजून पुरता न निवलेला,
तुझा बाबा