आडवं होण्याची अट

ती. ताईस,

या वेळचा नमस्कार बसल्या बसल्याच घे. वाकलं की सगळं रक्त चेहऱ्यात उतरतं.

आधी एक गंभीर तक्रार. मी बसूनच झोपतो, त्याला चार उशा लागतात. इथली नर्स त्यातली एक पळवते आणि वर विचारते, "आजोबा, राजे आहात का?" आजोबा! उशीचं दुःख नाही, आजोबा सोसत नाही.

चेहरा सुजलाय, हे खरं. सकाळी आरशात बघितलं तर वाटलं, आपले गोलमटोल मामाच भेटायला आले.

फुप्फुसातल्या गाठीने हृदयाकडे रक्त परत नेणारी मोठी शीर दाबून धरली आहे. उद्या डॉक्टर मांडीच्या शिरेतून जाळीची नळी वर नेऊन तिथे उघडणार. मग सूज लगेच उतरते म्हणे. गाठ राहील, तिचं पुढे बघू.

अट एकच, ते काम चालू असेपर्यंत सपाट उताणं पडून राहायचं. शवासनात माझा हात धरणारा आपल्या घरात कुणी नव्हता, तुला ठाऊकच आहे. आज सराव केला. एक श्लोक संपेपर्यंत पडायचं ठरवलं, पण दुसऱ्याच चरणाला गुदमरून उठून बसलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्ण भूल देणं त्याहून धोक्याचं. जमेल तुम्हाला." मी मान डोलावली.

आईचा गुडघा कसा आहे? तिला हे पत्र मामांच्या ओळीपर्यंतच वाचून दाखव.

ताई, मला उद्या आडवं व्हायची भीती वाटते. श्वास अडकला तर हात धरायला तिथे आपलं कुणीच नसेल.

तुझाच,
पंडित