दहा माणसं

आप्पा,

शहापूरच्या आपल्या प्रार्थनेच्या खोलीत तुम्ही जिथं उभे राहायचा, तिथंच उभी राहून मी सेफेर तोरा, आपली ज्यूंची पोथी, वाचली. मोठ्यानं, चालीत, सगळ्यांच्या देखत. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, तरी हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. हे माफीचं पत्र नाही, हे आधीच सांगते.

शुक्रवारी तुम्ही निपाणीहून येता ते मला अजून दिसतं. तंबाखूच्या वखारीत पानांची प्रतवारी करायचं तुमचं काम. दुपारची एसटी धरून सूर्य मावळायच्या आत घरी यायचं आणि त्याच्या बदल्यात रविवारी वखारीत एकट्यानं राबायचं, असं तुम्ही मालकाशी ठरवून घेतलं होतं. आल्या आल्या मोरीत उभे राहून कोपरापर्यंत हात घासता. वास काही जात नाही. मग स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून दादाला समोर बसवता आणि त्याच्याकडून उद्याचा पाठ म्हणवून घेता. पोथीत स्वरांच्या खुणा नसतात, नुसती हिब्रू अक्षरं. शब्द आणि चाल आधी तोंडात बसलेली असावी लागते. शब्बाथ लागला की शनिवारी सूर्य मावळेपर्यंत काम नाही, म्हणून त्याआधी स्वयंपाक उरकायला आई घाईत असते आणि मी भाकरी थापत असते. दादा अडखळतो, तुम्ही दुरुस्त करता, तो परत तिथंच अडखळतो. माझे हात त्या चालीवर पडायला लागतात.

मी बारा वर्षांची होते. दादा एकाच ओळीवर तिसऱ्यांदा अडला आणि चुलीपुढून मी ती ओळ पुरी केली. न चुकता. मला वाटलं, तुम्ही हसाल. तुम्ही मान वळवून बघितलंही नाही. म्हणालात, "पाठ असून काय करणार हाईस? बाईचा आवाज तिथं चालत न्हाय. तू भाकरी बघ." आवाज चढवला नव्हता तुम्ही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला रडता तरी आलं असतं. पुढच्या शुक्रवारी तुम्ही निपाणीहून माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्यात. मी त्या घातल्या नाहीत. तुम्ही कधी विचारलं नाहीत, आणि मी पाठ करायचं थांबवलं नाही. दादा प्रत्येक ओळ एकदा शिकायचा. मी दोनदा शिकायचे, एकदा तुमच्या तोंडून आणि एकदा त्याच्या चुकीतून.

दादा बाविसाव्या वर्षी इस्रायलला गेला. तिथं कारखान्यात लागला आणि आता शनिवारी मासे धरायला जातो म्हणे. बाकीचीही घरं एकेक करून गेली. तुमच्यानंतर काही वर्षं पुण्याहून सणापुरते पुरुष यायचे, मग तेही थांबले. दहा पुरुष जमल्याशिवाय पोथी उघडायची नाही, म्हणून हेखालचं, पोथीच्या कपाटाचं, दार बंद राहिलं आणि आत पोथी मखमलीत गुंडाळलेली. आम्ही तरीही दर शनिवारी जमत राहिलो. शेजारच्या विणकरांच्या मागांची खडखड चालू असायची, आम्ही पुस्तकातल्या प्रार्थना म्हणायचो, काळ्या मनुकांचं सरबत प्यायचो आणि घरी जायचो. मी शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं. रोज पन्नास पोरांपुढं उभी राहून मोठ्यानं वाचलं. शनिवारी मात्र मागच्या बाकावर बसून ओठ हलवायचे.

दोन महिन्यांपूर्वी मुंबईहून एक गृहस्थ आले. आपल्यातलेच, चाळिशीचे, फार अदबीनं बोलणारे. शुक्रवारी लॉजवर उतरले, शनिवारी प्रार्थनेला बसले. प्रार्थना संपल्यावर त्यांनी येण्याचं कारण सांगितलं. पोथी वाचलीच जात नाही, तर ती मुंबईला काचेच्या कपाटात नीट राहील. शब्बाथ सुटला की ते ती घेऊन जाणार होते. काकांनी तर होकाराची मानही हलवली. काका म्हणजे तुमचे दोस्त, हिंडलग्याच्या तुरुंगात कारकून होते ते. ऐंशी ओलांडलेत आता.

मी म्हटलं, "दहा माणसं असली की वाचता येतं न्हवं? मग मोजा."

त्यांनी नजरेनं मोजलं. "ताई, मला धरून पुरुष पाचच आहेत."

"माणसं मोजा म्हटलं मी."

बायका सहा होत्या. अकरा भरले. काका काठी टेकत उठले. "पोरी, तुझ्या बापानं हे चालू दिलं नसतं."

"न्हायच दिलं, काका. म्हणून तर त्यांच्या मागं वाचणारं कुणी ऱ्हायलं न्हाय."

हे मी बोलले, आप्पा. बोलायचं ठरवलेलं नव्हतं, पण परत घेणार नाही. काका दारापर्यंत गेले आणि बायकोसाठी थांबले. काकू जागची हलली नाही. "तुमी व्हा पुढं," एवढंच म्हणाली. ते गेले. मी त्या मुंबईच्या गृहस्थांकडं वळले. आता त्यांना धरूनच दहा होत होते. तसं मी त्यांना सांगितलं आणि ते उठले तर मोडेल हेही सांगितलं. त्यांनी हातातली पिशवी बाकाखाली सरकवली आणि बसून राहिले.

मी हेखाल उघडलं. पोथी इतकी जड असते हे मला माहीतच नव्हतं. आजवर कुणी हातात दिलीच नव्हती. गुंडाळी सोडून त्या आठवड्याचा पाठ शोधायला बराच वेळ गेला. कुणी घाई केली नाही. मग मी वाचलं. शेवटी "आमेन" म्हणाली ती काकू.

संध्याकाळी ते गृहस्थ रिकाम्या हातानं मुंबईला गेले. कमिटीला विचारून पत्र पाठवतो म्हणाले. अजून आलेलं नाही. आलं तरी माझं उत्तर ठरलंय. काका त्या दिवसापासून येत नाहीत. रस्त्यात दिसले तर पलीकडनं जातात. ज्या माणसाच्या मांडीवर मी वाढले त्याचं असं वागणं मला लागतं, हे लपवत नाही. काकू मात्र दर शनिवारी कंग्राळीहून बसनं एकटी येते. शब्बाथला बसमध्ये बसू नये, हे मी तिला सांगत नाही. दहा भरतातच असं नाही. भरले की मी वाचते.

तुम्ही चुकला होता, आप्पा. प्रेमळ होता, कष्टाळू होता, आणि चुकला होता.

आता राहिलेलं एक. त्या पहिल्या दिवशी तिसऱ्या ओळीत माझा एक शब्द चुकला. मला लगेच कळलं. मागं जाऊन तो सुधारायला हवा होता. पण मी घाबरले आणि तशीच पुढं वाचत गेले. त्या खोलीत ती चूक ओळखणारं कुणीच नव्हतं. मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तुम्ही असता तर तुमच्या लगेच ध्यानात आली असती. पण तुम्ही असता, तर मी तिथं उभीच नसते.