माझ्या पाठीचा फोटो

सोमवार, ८ जानेवारी १९६२

आलो एकदाचा! तुळजापूरहून लोहाऱ्यापर्यंत एसटी आणि तिथून या माळावरच्या पाठीच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडी. अंगातलं एकूण एक हाड वाजलं, म्हणजे माणूस योग्य पत्त्यावर पोचला म्हणायचा. सोलापुरात शिकलेलं एक्स-रेचं काम आता इथं माझ्या एकट्याच्या हातात आहे. पुजाऱ्याच्या पोरानं लोकांच्या हाडांचे फोटो काढावेत का, यावर घरात बरीच खलबतं झाली. काढावेत! राहायला दोन खोल्या मिळाल्यात. चुना मारून झाला की शारदा आणि आमची तीन वर्षांची शामला येणार. सव्वीस तारीख पक्की ठरली आहे.

डॉक्टर महालिंगप्पा फार हळू बोलतात. मोडलेल्या मणक्यांत ते पोलादी स्क्रू बसवतात. मणके हलेनासे झाले की हाड सांधतं. इथले लोक स्क्रूला पेच म्हणतात.

बुधवार, १० जानेवारी

नव्या यंत्रावर पहिला फोटो आपला स्वतःचा काढायचा, ही आमच्या कामातली रीत. उगीच रोग्याला कशाला ताप? पाठीचा काढला. नाव चढल्याशिवाय फिल्म धुवायची नाही असा इथला नियम, म्हणून रोग्यांच्या वहीत माझंच नाव झोकात लिहिलं. अक्षराचा मला पहिल्यापासून अभिमान आहे.

फिल्म धुतली तर मणक्यात दोन स्क्रू! आधी वापरलेली फिल्म चुकून पुन्हा घातली असणार. माझ्या वेंधळेपणाचं मलाच हसू आलं.

शनिवार, १३ जानेवारी

नवं खोकं स्वतःच्या हातानं फोडलं. पुन्हा फोटो काढला. चार स्क्रू.

पाठ चाचपली, आरशात पाहिली. ओरखडासुद्धा नाही. सिस्टर जगदेवींनी वहीतलं माझं नाव बघून कपाळावर हात मारला. इथं नाव चढलं की उतरत नाही, म्हणाल्या. मी खोडायला गेलो तर डॉक्टरांनी वही मिटली. हसून म्हणाले, राहू द्या, तुमचा फोटो काही चांगला नाही.

मंगळवार, १६ जानेवारी

माकणीचा धुळाप्पा दोन वर्षांपासून प्लास्टरच्या साच्यात पडून आहे. विहिरीत पडून पाठ मोडली होती. ऑपरेशन एकदाच झालं, पण दर फोटोत त्याचा एक पेच वाढलेला असतो. त्यानं मला विचारलं, "सायेब, वहीत नाव तुमी तुमच्या हातानं लिवलं व्हय?" मी हो म्हणालो. तो रडायला लागला. त्याला तोंड फिरवता येत नाही, म्हणून मीच माझं फिरवलं.

आज सकाळी चप्पल उचलायला वाकलो, तर वाकताच आलं नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी

राजीनामा दिला. डॉक्टरांनी घडी करून खिशात घातला. नोकरी सोडाल, उपचार कसे सोडाल, म्हणाले.

तसाच निघालो. फाटकाचा अडसर अगदी जमिनीलगत आहे. इथं पाठ वाकणाऱ्यालाच बाहेर जाता येतं. मी तासभर उभा होतो. गुडघे टेकू गेलो तर कमरेत अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधारी आली. माळी धोंडीबाची गयावया केली. त्यानं हात जोडले. "वहीत नाव हाय तुमचं. म्या कसं उघडू?"

मला भीती वाटते. फार भीती वाटते.

सोमवार, २२ जानेवारी

आज डॉक्टरांनी स्वतः फोटो काढला. दहा स्क्रू. आता मानही वळत नाही.

शारदाला पत्र लिहिलं — येऊ नकोस, शामलाला अजिबात आणू नकोस. टपालात टाकायला जगदेवींकडे दिलं. दुपारी डॉक्टरांनी तेच पत्र माझ्या खाटेशी बसून मला वाचून दाखवलं. अक्षर सुरेख आहे, म्हणाले. पण रोग्यानं घरच्यांना असं घाबरवू नये.

गुरुवार, २५ जानेवारी

साच्यात घातलंय. उताणा. ही डायरी छातीवर, पेन्सिल — जगदेवींनी दया म्हणून दिली.

उद्या सव्वीस. एसटी चुकू दे. शारदाला ताप येऊ दे. आई भवानी, काहीही कर, पण तिला —

शुक्रवार, २६ जानेवारी

आली. भिंतीपलीकडे शामला हसतेय.

ओरडलो. छाती फुगत नाही — आवाजच निघत नाही —

डॉक्टर सांगताहेत, असा आजार घराण्यात असतो, वहिनी, दोघींचेही फोटो काढून ठेवू. जगदेवी म्हणतात, मी लिहिते नाव. शारदा म्हणते, नको, मला लिहिता येतं —

लिहितेय —

आता शामलाचं विचारताहेत. शारदा, तिचं नको, तिचं तरी न