पारा पुढे का सरकेना

बुधवार, संध्याकाळ

आज नववीत पाणी उकळून दाखवलं. थर्मामीटरचा पारा एका जागी थांबला. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आच चालू आहे, मग उष्णता जाते कुठे?" मला नीट सांगता आलं नाही. दरवर्षी शिकवते, तरी.

घरी बाबांना विचारलं. जन्मभर मिलच्या बॉयलरवर होते. मिल बंद झाल्यापासून धड बोलत नाहीत. आज बोलले. "पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, बेटा. ती पकड सोडवण्यातच आच खर्च होते, म्हणून पारा हलत नाही. तीच वाफेत भरलेली असते, म्हणून वाफ पाण्याहून जास्त भाजते." मनगटावरचा जुना डाग दाखवला. मग हळूच म्हणाले, "उद्या मी येऊन समजावू का मुलांना?"

मी हो म्हटलं. मुख्याध्यापिका मॅडमना विचारलंच नाही. त्या नको म्हणाल्या तर? बाबा तिकडे शर्टाला इस्त्री करताहेत.