आधी घर नीट तपासावं

रविवार, ५ जानेवारी २०२५
सकाळी हंसाबेन आल्या. हा फ्लॅट त्यांचा. आम्ही भाईंदरला, नवघरमध्ये, नऊ वर्षं त्यांच्याकडे भाड्याने आहोत. त्या मुलाकडे सुरतला जाणार, म्हणून फ्लॅट विकायचाय. ३१ मार्चला ॲग्रीमेंट संपतंय. पहिला हक्क तुमचा, असं म्हणाल्या. मनोरमाच्या फोटोसमोर जरा वेळ उभ्या राहिल्या. चहा घेतला नाही.
विचार करून सांगतो म्हणालो. खरं तर विचार करण्यासारखं काही नाही. राहतोय तेच घर विकत घेण्यात काय अर्थ? मार्केटमध्ये शेकडो फ्लॅट आहेत. बँकेने लोन मंजूर केलंय. मनोरमाला जाऊन सोळा महिने झाले, वर्षश्राद्धही झालं, म्हणजे आता अडचण कसलीच नाही.
ठरलं. पाडव्याला स्वतःच्या घरात. मध्ये अकरा रविवार आहेत. दर रविवारी दोन घरं बघायची.

सोमवार, ६ जानेवारी
लोक घर घेताना फसतात, कारण तपासत नाहीत. मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं माल तपासतोय. टोपाला टिचकी मारली की पत्रा कळतो. घर हाही मालच.
यादी केली. लाद्या नाण्याने वाजवणे. नळ सोडून बघणे. स्वयंपाकाच्या ओट्याची उंची एकोणतीस इंच. टेप ऑफिसच्या बॅगेत टाकला.

रविवार, १२ जानेवारी
रोशन नावाचा एजंट मिळाला. गोडदेवला दोन फ्लॅट दाखवले. पहिल्यात ओटा चौतीस इंच. दुसऱ्यात साडेतेहतीस. दोन्ही नापास.
रोशन म्हणाला, सगळीकडे एवढाच असतो, तोडून नवा बांधून देतो. मी म्हणालो, घर घ्यायचं आणि पहिल्या दिवशी तोडायचं, ही कुठली पद्धत?
घरी भांडी घासताना पाठ धरली. आपला ओटा मला फार खाली पडतो. तो वेगळा विषय.

रविवार, १९ जानेवारी
मीरा रोडला नवा टॉवर. सॅम्पल फ्लॅट दाखवला. बेडला टेप लावला तर साडेपाच फूट. खोली मोठी दिसावी म्हणून बेड छोटा करून घेतलेला. आतल्या खोल्यांना दारंच नाहीत. मी हे सगळ्यांसमोर सांगितलं. मला फसवणं सोपं नाही.
फॉर्म भरताना मुलीने विचारलं, राहणार किती जण. दोघं, म्हणालो. बाहेर आल्यावर लक्षात आलं. परत जाऊन दुरुस्त करण्याइतकं ते महत्त्वाचं नव्हतं. तो टॉवर तसाही नापास.

रविवार, २६ जानेवारी
सोसायटीत झेंडावंदन असल्याने घरं बघता आली नाहीत. झेंडावंदन आठला झालं.

रविवार, ९ फेब्रुवारी
मागच्या रविवारी सर्दी होती. आज मोरव्याला गेलो. गावातलं बैठं घर, पुढे अंगण. मालक धर्माजी, सत्तरीचे. ओटाच नाही, त्यामुळे हवा तेवढा बांधता आला असता. नाइलाजाने बाकीचं सगळं दोनदा तपासलं. न्हाणीघराचं दार आत उघडतं. नापास.
धर्माजी पायरीवर बसून बघत होते. "पानी हाय, वारा हाय, शेजारी भांडखोर न्हाय," म्हणाले. "तू घर बगाया आलास का सून?"
रोशन फार हसला. एजंटने गिऱ्हाइकावर हसू नये.

बुधवार, १२ फेब्रुवारी
चिपळूणहून सुचेताचा फोन. धाकटी बहीण असून मला शिकवते. म्हणाली, दादा, तू गावभर हेच घर शोधत फिरतोयस, मग हेच घेऊन टाक ना. मी समजावलं की खरेदीत भावना आणायच्या नसतात. तिने विचारलं, वहिनी गेल्यापासून हॉलमध्ये झोपतोस, अजून तिथेच? हो म्हणालो. हॉलमध्ये वारा येतो.
बेडरूमलाही खिडकी आहे, पण ती लहान आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी
हंसाबेनचा फोन. काय ठरलं, विचारत होत्या. माझं बघणं चालू आहे, तुम्ही दुसऱ्यांना दाखवायला हरकत नाही, असं सांगितलं. हे मुद्दाम. तिसरा मजला, लिफ्ट नाही, कोण घेणार? चारजण नाही म्हणून गेले की त्या स्वतःच भाव उतरवतील. मग घ्यायचं की नाही ते बघू. घाई त्यांना आहे, मला नाही.

रविवार, २ मार्च
भाईंदर वेस्टचा फ्लॅट. ओटा एकतीस इंच, म्हणजे जवळपास पास. मी काळजीत पडलो. सुदैवाने सेक्रेटरी आले आणि म्हणाले, इथे मच्छी-मटण चालत नाही. मी ताबडतोब नकार दिला. घरात सुरमई आणून दीड वर्ष होत आलं, पण तत्त्व आहे.

रविवार, ९ मार्च
आज आमच्याकडेच लोक घर बघायला आले. आणणारा रोशनच. हंसाबेननी त्यालाच काम दिलंय. कौस्तुभ आणि सलोनी, नवीन लग्न झालेलं, परळहून आलेले, पहिलंच घर.
रोशनला काही माहिती नाही. कोपऱ्यात मोबाईल बघत उभा. मग मलाच बोलावं लागलं. बाल्कनीची खिडकी जराशी उचलून ढकलायची, नाहीतर अडकते. पाणी सहा वीसला येतं, पहिली बादली झाडांना घालायची. चार वाजता खाडीकडचा वारा थेट स्वयंपाकघरात येतो.
सलोनी ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, हा ओटा माझ्या मापाचा कसा? उंचीने ती बेताचीच आहे. मी सांगितलं की गवंडी ऐकत नव्हता, ओटा एवढा खाली घेत नाहीत म्हणून वाद घालत होता. तेव्हा मनोरमाने विटांवर पोळपाट ठेवला, त्याच्यासमोर पोळी लाटून दाखवली आणि म्हणाली, इथे खूण कर. हंसाबेनही तेव्हा हसत हसत हो म्हणाल्या होत्या.
दीड तास बसले. चहा केला. कौस्तुभ म्हणाला, काका, घराबद्दल इतकं खरं कुणी सांगत नाही. बऱ्याच महिन्यांत एवढं बोललो नव्हतो, घसा बसला.
माझा अंदाज, हे घेणार नाहीत. ओट्याची गोष्ट ऐकून मुलीचे डोळे भरले होते. अशा माणसांना निर्णय घेता येत नाहीत.

बुधवार, १२ मार्च
दाढी करताना सुचलं. हाच फ्लॅट घेतला तर सामान हलवायचा त्रास वाचेल. शिवाय तपासायची गरज नाही. निव्वळ व्यवहार म्हणून बघितलं तर हे फायद्याचं आहे. सुचेता म्हणते त्याच्याशी याचा संबंध नाही.
आज सांगायला नको, उतावळेपणा दिसेल. शुक्रवारी धुळवड. रविवारी जाईन.

रविवार, १६ मार्च
भाईंदर वेस्टला हंसाबेनकडे गेलो. पेढे घेतले होते. भाव थोडा उतरवा, असं आधी म्हणायचं ठरवलं होतं. दार उघडल्यावर एकदम "मी घेतो" म्हणालो.
त्या खाली बसल्या. काल संध्याकाळीच त्यांनी कौस्तुभ आणि सलोनीकडून टोकन घेतलं होतं. दुसरी दोन घरं त्या दोघांच्या मनात होती, पण माझं ऐकून यावर शिक्का मारला.
"काशीनाथभाई, आपने ही उनको इतना अच्छा-अच्छा बताया," हंसाबेन म्हणाल्या. "मुझे लगा, आपने दिल से छोड़ दिया।"
मी म्हणालो, हो, सोडलंच आहे. सहज विचारायला आलो होतो.
त्यांनी सांगितलं, ती मुलगी ओटा तसाच ठेवणार आहे. म्हटलं, चांगलं आहे. पेढे तिथेच ठेवले.

रविवार, २३ मार्च
रोशनने गोडदेवला एक खोली आणि किचन बघितलंय, अकरा महिन्यांच्या करारावर. वर चला, दाखवतो म्हणाला. मी खालूनच हो म्हणालो. तो म्हणाला, काका, टेप तरी लावा. मी म्हणालो, नको.

सोमवार, ३१ मार्च
ईदची सुट्टी. शनिवारी इथे आलो. दोन फेऱ्यांत सामान आलं. चावी सलोनीच्या हातात दिली. खिडकी उचलून ढकलायची, हे तिनेच मला म्हणून दाखवलं.
इथे एकच खोली, त्यामुळे कुठे झोपायचं हा प्रश्न नाही.
हंसाबेननी जानेवारीत विचारलं, तेव्हा हो म्हणायला हवं होतं.
संध्याकाळी खाली उतरून उद्याच्या डब्यासाठी पाव किलो भेंडी आणली. धुतली. एकेक पुसून पेपरवर पसरून ठेवली.