दोन गिरण्या, एक तार

वडसा, २ डिसेंबर १९५७, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. पॉवर हाऊसचा चार्ज घेऊन सहा महिने झाले. लाईट गेली नाही असा एक आठवडा नाही. दोष इंजिनाचा नाही, लोकांचा आहे. रेल्वे फाटकापलीकडच्या दोन्ही राईस मिल एकाच वेळी चालतात आणि तार एकच. उपाय : एक मिल सकाळी, दुसरी दुपारी. इतकी सोपी गोष्ट आजवर कुणाला सुचली नाही!

पहाटे पाचला उठण्याचाही निश्चय.

३ डिसेंबर

साडेसातला उठलो. थंडी. दोन्ही मालकांना नोटीस नेऊन दिली. दोघांनी चहा पाजला, मान डोलावली. संपूर्ण सहकार्य.

५ डिसेंबर

दोन्ही मिल दुपारीच चालू. तीनदा फ्यूज उडाला. मिलमधल्या बायांची पुढारी सुगंधाबाई ऑफिसात आली. म्हणे, "साहेब, सकाळी आमी धान कापाले जातो. मिलमंदी येवाले दुपारच होते. आमाले इचारलं काऊन नाई?" ही टेक्निकल बाब आहे, असे सांगितले. "बरं," म्हणाली. ज्या तऱ्हेने म्हणाली ती आवडली नाही.

७ डिसेंबर, दुपार

नवा विचार. थंड तार जास्त करंट सोसते; पुस्तकात आहे. मग उन्हाळ्यातली मर्यादा हिवाळ्यात कशाला पाळायची? घरी ओसरीत थर्मामीटर टांगला. रोज डिग्री पाहून लोड ठरवणार. आज भर दुपारी फक्त ६४ फॅरनहाइट! दोन्ही मिल खुशाल चालोत. फ्यूजही जाड घालायला सांगितला, म्हणजे उडायला नको.

मुखरू लाईनमन कां कूं करत होता. "साहेब, फाटकापाशी तारेले जुना जोड हाय. लय तापते. मले एक दिवस लाईन बंद करून द्या, बदलवून टाकतो."

लाईट जाऊ नये म्हणून लाईन बंद ठेवायची! हसलो. फ्यूज त्याने घातला.

१० डिसेंबर

तीन दिवस लाईट गेली नाही. नागपूर ऑफिसला सविस्तर पत्र लिहिले. पद्धतीला नाव हवे. 'वडसा पद्धत' बरे वाटते. स्वतःचे नाव देणे बरे दिसत नाही. तरी 'गुणवंत पद्धत' एकदा लिहून पाहिले.

१२ डिसेंबर

अडीच वाजता जोड जळून तार तुटली. खाली शेतकरी देवाजीची तणसाची गंजी; ती पेटली. त्याच्या बैलांचा वर्षभराचा चारा. जाड फ्यूज उडालाच नाही. मी जेवून पडलो होतो. मुखरूने धावत जाऊन स्विच पाडला, मग ओल्या पोत्याने आग झोडपली. दोन्ही तळहात भाजले. गंजी वाचली नाही.

देवाजी राखेत काठीने उरलेसुरले तणस शोधत होता. मला काही बोलला असता तर उत्तर तयार होते.

१३ डिसेंबर

रिपोर्ट पाठवला. 'लाईनमनने जोड वेळीच बदलला नाही.' हे खरेच आहे. त्याने बदलला नव्हता.

लिहीत होतो तेव्हा खिडकीतून तो दिसत होता. हाताला फडकी बांधून खांबावर चढला होता, तार जोडत होता.

खिडकी लावून घेतली. वारा येत होता.

१६ डिसेंबर

सौ. ओसरीत रांजणातून पाणी काढत होती. म्हणाली, "हे तुमचं थर्मामीटर रांजणाले टेकून काऊन टांगलं? पाण्याचा थंडावा मोजता काय?"

बाहेर उन्हात नेऊन पाहिला. ८९. पुन्हा जागेवर आणून टांगला. वस्तू हलवत जाऊ नको, असे तिला बजावले.

१९ डिसेंबर

ऑफिसचे पत्र आले. मुखरूला कामावरून कमी केले. मी तसे मागितले नव्हते. हात चिघळले होते, त्याला कागद धरता येत नव्हता, म्हणून मीच वाचून दाखवला. त्याने एवढेच विचारले, "जोडाचं मी सांगतलो होतो, ते लिवलं काय साहेब?"

म्हणालो, राहून गेले, उद्या लिहितो आणि तुझ्या घरी येऊन सांगतो.

"बरं. मी घरीच हावो."

२० डिसेंबर

पित्त. पत्र उद्या.

२१ डिसेंबर

मसुदा केला. 'अनवधानाने' हा शब्द छान सापडला. मग फाडला.

मिलचा प्रश्न सुटला आहे. सुगंधाबाईने दोन्हीकडच्या बायांना एकत्र बसवून वार वाटून घेतले. एक दिवस ही मिल, एक दिवस ती. बायाच नाहीत तर मालक मिल कशी चालवणार? कबूल झाले. अर्ध्या तासात ठरले म्हणतात. मला आज कळले, तेही पानठेल्यावर.

२३ डिसेंबर, संध्याकाळ

लिहिले. मुखरूने आधीच सांगितले होते. मी ऐकले नाही. जाड फ्यूज माझ्या हुकमाने घातला. पाच ओळी. 'अनवधानाने' कुठेही नाही. पोस्टात टाकले आणि तसाच त्याच्या घरी गेलो.

त्याची बायको रुखमा तांदूळ पाखडत होती. "ते तं कालच बल्लारशाले गेले, काम पाहाले. दोन दिस तुमची वाट पाह्यली. म्हणत होते, साहेब येतीन."

तिने बसायला पाट दिला, पाणी दिले. प्यायलो. हात कसे आहेत, विचारले. "अजून मूठ वळत नाई," म्हणाली.

निघताना तिने विचारले, काही निरोप हाय काय.

नाही म्हणालो.