तिथीचा अहवाल

मुलुंड (पूर्व), १३ सप्टेंबर २०२५

चि. शुभास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. तुझ्याशी फोनवर बोललेलं सगळं केयूरला रॉटरडॅमला कळतं, म्हणून लिहायला बसले. मंगळवारी तुझ्या भावाची तिथी होती. खिडकीत पान ठेवून मी तासभर कावळ्याची विनवणी करत होते, हे मी फक्त तुला सांगितलं. दुसऱ्याच दिवशी लेकाने विचारलं, की तू खिडकीशी एकटीच कोणाशी बोलतेस आणि जेवणाचं ताट बाहेर का ठेवतेस. एकटीने राहण्यासारखी माझी अवस्था नाही म्हणे. कर्जतच्या वृद्धाश्रमात खोलीही ठरवली आहे.

या घरात मी एकोणचाळीस वर्षं काढली, शुभा. मला इथून हलायचं नाही. त्याचे कान कोणी भरले ते सरळ सांग. लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात मी मासे खाल्ले, ते सासूबाईंना तूच सांगितलं होतंस.

लोभ शिल्लक असेल तर खरं कळव.

तुझी वहिनी,
मधुवंती

बोरिवली, १७ सप्टेंबर

ती. वहिनीस शि. सा. न.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. माशांचं कबूल. पण केयूरशी मी गणपतीपासून बोललेली नाही.

माझ्यावर संशय घेतेस, आणि ओट्यावरच्या त्या बोलक्या घड्याळावर नाही? औषधाची वेळ सांगायला केयूरनेच पाठवलंय ना? आमच्या शेजारची जान्हवी मानखुर्दला अशाच एका कंपनीत आहे. मुलं परदेशात, आईबाप इथे, आणि घरातली यंत्रं त्यांच्यावर नजर ठेवून मुलांना अहवाल पाठवतात. ती म्हणाली, त्या घड्याळाला डोळाही असतो आणि कानही. म्हातारं माणूस एकटं बोलताना दिसलं, की लगेच अहवालात नोंद. श्राद्ध म्हणजे काय, हे त्याला कोण शिकवणार?

आधी ते बंद कर. मग केयूरला तो अहवाल शब्दन् शब्द वाचून दाखवायला सांग.

राग ओसरला की पूर्वीसारखा लोभ कर.

तुझी,
शुभा

मुलुंड, २२ सप्टेंबर

चि. शुभास अनेक आशीर्वाद. माझं चुकलं गं.

घड्याळ बंद केलं आणि दहा मिनिटांत केयूरचा फोन आला. मी त्याला अहवाल वाचायला लावला. बाबांची तिथी होती हे ऐकून बिचारा ओशाळला. शेवटची ओळ मात्र वाचेना. मी हटून बसले तेव्हा वाचली. मुलगा लवकरच घरी येणार असल्याचा भ्रम, असं लिहिलं होतं.

हे मी तुलाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी कावळा काही केल्या शिवेना. वडे झाले, खीर झाली, सगळ्यांची नावं घेऊन झाली. शेवटी हात जोडून तुझ्या भावाला सांगितलं, की केयूर दिवाळीला येतोय, आता जेवा. तेव्हा शिवला.

हा भ्रम आहे का, एवढंच मी केयूरला विचारलं. तो म्हणाला, मीटिंग आहे. कर्जतचं नाव त्याने काढलं नाही, आणि येण्याचंही नाही.

मला फार वाईट वाटतंय, शुभा. तुझ्या भावाला मी खोटं सांगून जेवायला लावलं.

तुझा लोभ तेवढा राहू दे.

तुझी वहिनी,
मधुवंती